भिल्ल जीवनपद्धती, सातमाळा-अजिंठा डोंगरांतील

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील सातमाळा-अजिंठा डोंगररांगेत व तिच्या पायथ्याशी राहणाऱ्या भिल्ल जमातीची परंपरागत उपजीविका, समाजव्यवस्था व तीत झालेले बदल. भिल्ल ही भारतातील संख्येने मोठ्या अनुसूचित जमातींपैकी एक असून राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश व महाराष्ट्र या राज्यांत तिची वस्ती पसरलेली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात भिल्लांची संख्या सुमारे २५.९ लाख होती व राज्यातील अनुसूचित जमातींत ती सर्वांत मोठी होती. सातपुड्यातील भिल्लांविषयी पुष्कळ लेखन झाले आहे. त्या मानाने सातमाळ्यातील भिल्लांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. या भिल्लांचे जीवन म्हणजे रानातील स्वैर भटकंती, अशी समजूत एकोणिसाव्या शतकातील वृत्तांतांमुळे रूढ झाली. प्रत्यक्षात ते गावाशी, घाटवाटांशी व जंगलाशी निश्चित हक्कांनी आणि जबाबदाऱ्यांनी बांधलेले होते. हे हक्क एकामागून एक संपुष्टात येत गेले, हाच या प्रदेशातील भिल्लांच्या गेल्या दोनशे वर्षांच्या इतिहासाचा मुख्य धागा होय.

प्रदेश : सातमाळा-अजिंठा रांग पश्चिमेस मनमाडच्या बाजूने निघून पूर्वेस बुलढाण्याकडे जाते. तिची उत्तर बाजू खानदेशच्या मैदानाकडे एकदम कड्यांनी तुटलेली, तर दक्षिण बाजू गोदावरीच्या खोऱ्याकडे हळूहळू उतरत गेलेली आहे. उत्तरेचे पाणी गिरणा, वाघूर इ. नद्यांमधून तापीस मिळते. दक्षिणेचे शिवना, पूर्णा इ. नद्यांमधून गोदावरीस जाते. डोंगरावर पानझडी प्रकारचे कोरडे जंगल असून साग, धावडा, सालई, मोह, टेंभुर्णी, चारोळी, पळस व सीताफळ ही त्यातील नेहमीची झाडे होत. पावसाळ्यानंतर ओढे लवकर आटतात व उन्हाळ्यात पाण्याचे दुर्भिक्ष्य जाणवते. यामुळे केवळ जंगलावर वर्षभर निर्वाह होणे येथे कठीण असे आणि डोंगरातील माणसाला गावाशी संबंध राखावाच लागे.

दख्खनचे पठार व खानदेश यांमधील वाहतूक या रांगेतील खिंडींतून चाले. कन्नड-चाळीसगाव मार्गावरील औट्रम घाट, त्याच्या जवळचा गौताळा घाट व पूर्वेकडील अजिंठा-फर्दापूर घाट हे त्यांतील प्रमुख होत. अंतूर, सुतोंडा, वेताळवाडी यांसारखे किल्ले याच वाटांवर नजर ठेवण्यासाठी बांधलेले होते. अंतूरच्या परिसरातील फारसी लेख असलेला दिशादर्शक स्तंभ दौलताबाद व बऱ्हाणपूर यांकडे जाणाऱ्या वाटा दाखवितो. त्यावरून या घाटवाटांचे महत्त्व लक्षात येते. ज्या डोंगरातून राजमार्ग जातो, त्या डोंगरातील रहिवाशांची उपेक्षा कोणत्याही राजवटीस परवडणारी नव्हती.

नाव व पोटविभाग : ‘भिल्ल’ हा शब्द धनुष्य या अर्थाच्या ‘विल्’ वा ‘बिल्’ या द्राविड शब्दावरून आला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. महाभारतातील निषादपुत्र एकलव्य यास भिल्ल आपला पूर्वज समजतात. एकोणिसाव्या शतकातील सरकारी नोंदींत खानदेशातील भिल्लांचे मैदानी, डोंगरी व मिश्र असे स्थूल वर्ग केलेले आढळतात. मिश्र वर्गातील तडवी व निर्धी हे मुसलमान भिल्ल होत. त्यांपैकी निर्धी सातमाळ्याच्या उत्तर पायथ्याशी, मुख्यतः जामनेर व पाचोरा या भागांत राहत. दक्षिण उतारावरील भिल्ल मात्र बहुतांशी गावांलगत वस्ती करून राहिले. भिल्ली बोली भारतीय आर्य भाषाकुलातील आहेत. ग्रीअर्सन याच्या भारतीय भाषांच्या पाहणीत त्यांना १९०७ मध्ये स्वतंत्र खंडभाग देण्यात आला. सातमाळ्यातील भिल्लांच्या बोलण्यावर अहिराणी व मराठी यांचा दाट प्रभाव आहे.

वस्ती व घर : भिल्लांच्या वस्तीस ‘भिलाटी’ म्हणतात. ती गावाच्या कडेस, ओढ्याकाठी किंवा डोंगराच्या सोंडेवर असते. पूर्वीचे घर म्हणजे लाकडी मेढींवर उभारलेली, कुडाच्या भिंतींची व गवताने शाकारलेली झोपडी. भिंती शेणामातीने लिंपलेल्या असत. चूल, पाण्याची मडकी, दळण्याचे जाते, धान्याची कणगी व एका बाजूस शेळ्या-कोंबड्या, एवढाच संसार असे. घर सहज मोडून दुसरीकडे नेता येई. रोगराई आली, वस्तीत अपमृत्यू घडला किंवा पाणी आटले म्हणजे भिलाटी हलविली जाई. बाहेरच्या निरीक्षकांना हे अस्थिरतेचे लक्षण वाटले. परंतु नव्या जागीही ती सामान्यतः त्याच गावाच्या शिवारात राही.

उपजीविका : या भिल्लांचे वर्ष ऋतूंप्रमाणे वेगवेगळ्या कामांत विभागलेले असे. पावसाळ्यात डोंगराच्या हलक्या जमिनीत बाजरी, ज्वारी व कडधान्ये यांची थोडीबहुत शेती होई, किंवा कुणब्यांच्या शेतांवर मजुरी मिळे. सुगीनंतर खळ्यावरचा वाटा पदरात पडे. हिवाळ्यात लाकूडफाटा, गवत व डिंक गोळा करून गावांत विकण्याचे काम चाले. उन्हाळा हा खऱ्या अर्थाने जंगलावर जगण्याचा काळ होता. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पहाटे गळू लागत. ती बायका व मुले वेचीत. वाळविलेली फुले भाजून किंवा शिजवून खात, तसेच त्यांची दारू गाळीत. बियांपासून तेल निघे. पुढे टेंभरे व चारोळी, पावसाळ्याच्या तोंडी कंद व रानभाज्या आणि पावसाळा संपता संपता सीताफळे मिळत. दुष्काळात धान्य संपले, तरी मोहफुले व कंद यांवर काही आठवडे निघत. त्यामुळे मोहाचे झाड तोडणे निषिद्ध मानले जाई.

शिकारीस धनुष्य, तीर व गोफण ही मुख्य साधने होती. भिल्लांचे धनुष्य बांबूचे असून त्याची दोरीही बहुधा बांबूच्या सालीची असे. ससा, हरिण, रानडुक्कर, घोरपड व रानपक्षी यांची शिकार होई; शिकार वाडीत वाटून घेण्याची रीत होती. आटत्या डोहात झाडपाल्याचा रस मिसळून मासे गुंगवून धरण्याची पद्धतही त्यांना माहीत होती. मध, डिंक, लाकूड व औषधी मुळ्या गावच्या बाजारात देऊन त्या बदल्यात मीठ, धान्य, कापड व लोखंडी पाती घेतली जात. तीराचे पाते गावच्या लोहाराकडून येत असे, एवढ्यावरूनही भिल्ल व गाव यांचे परस्परावलंबन ध्यानात येते.

जागल्या व घाटराखण : भिल्लांचा गावाशी असलेला सर्वांत महत्त्वाचा संबंध राखणदारीचा होय. खानदेश व त्याच्या लगतच्या मुलखातील अनेक गावांत ‘जागल्या’ भिल्ल असे. रात्री गस्त घालणे, पिकांवर व खळ्यांवर नजर ठेवणे, परक्या माणसाची वर्दी देणे, सीमेच्या खुणा ओळखणे व चोरीचा माग काढणे ही त्याची कामे. याबद्दल त्यास शेतकऱ्यांकडून धान्य व सणावारी मान मिळे, काही ठिकाणी थोडी जमीनही असे.

माग काढण्याची पद्धत विशेष लक्षणीय होती. चोरी झाली की जागल्या चोराच्या पावलांचा माग काढीत शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जाई व तो तेथील जागल्याच्या हवाली करी. तो जागल्या माग पुढे नेई. ज्या गावाच्या हद्दीत माग संपे, त्या गावावर व तेथील राखणदारावर चोरीच्या भरपाईची जबाबदारी येई. एल्फिन्स्टन याने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात दख्खनमधील या गावराखणीच्या व्यवस्थेचे वर्णन आहे. जमिनीवरील खुणा वाचण्याचे शिकाऱ्याचे कसब अशा रीतीने गावाच्या न्यायव्यवस्थेचा भाग बनले होते.

घाटांच्या बाबतीत हीच व्यवस्था अधिक मोठ्या प्रमाणावर होती. विशिष्ट खिंडीची राखण विशिष्ट नाईकाकडे असे. वाटसरू व तांडे यांना सुखरूप पार करून देण्याबद्दल त्यास ठराविक हक्क मिळत. काही नाईकांना सरकारातून नेमणूक असे. हा मोबदला मिळत राही तोवर घाट सुरक्षित असत. तो थांबला, की नाईक आपला हक्क स्वतःच वसूल करू लागे. सरकारी दप्तरात या वसुलीची नोंद दरोडा म्हणून होई. नाईकाच्या दृष्टीने तो थकलेल्या येण्याचा तगादा असे. यातून निरपराध वाटसरू व शेतकरी भरडले जात, हेही तितकेच खरे आहे.

समाजव्यवस्था : भिल्ल समाज बहिर्विवाही कुळींत विभागलेला आहे. गायकवाड, सोनवणे, पवार, मोरे, बर्डे इ. आडनावे त्यांच्यात आढळतात. कुळीचे देवक असते व त्या झाडाला वा प्राण्याला इजा करीत नाहीत. वस्तीचा प्रमुख नाईक असून हे पद सामान्यतः वंशपरंपरेने चाले. मात्र नाईकाचे वजन त्याच्या धाडसावर, न्यायबुद्धीवर व दिलेला शब्द पाळण्यावर अवलंबून असे. भांडणतंटे पंचांसमोर मिटविले जात. दंड बहुधा जेवण किंवा दारू या रूपाने वसूल होऊन सर्वांच्या समक्ष सलोखा होई.

विवाहात वरपक्षाकडून वधूच्या पित्यास ‘देज’ देण्याची चाल होती. देज देण्याची ऐपत नसल्यास मुलगा सासऱ्याच्या घरी राहून काही वर्षे काम करी. विधवेस व घटस्फोटितेस पाट लावण्यास आडकाठी नव्हती. डोंगरातील सरपण, मोहफुले व डिंक गोळा करून विकण्याचे बरेचसे काम स्त्रिया करीत व बाजारातील व्यवहारही त्याच पाहत. त्यामुळे घरात त्यांच्या मतास किंमत असे.

धर्म व सण : वाघदेव, म्हसोबा, मरीआई, खंडोबा ही या भागातील भिल्लांची दैवते होत. वणीच्या सप्तशृंगीवरही त्यांची श्रद्धा आहे. वाघदेवाची स्थापना बहुधा शिवेवर, शेंदूर फासलेल्या दगडाच्या वा लाकडाच्या रूपात केलेली असते. जंगलात जाणाऱ्यांचे व गुरांचे रक्षण व्हावे म्हणून त्यास कोंबडा वा बोकड देतात. रोग, बाधा व अनिष्ट यांवरील उपाय भगत सांगतो. होळी, आखाजी, पोळा व दिवाळी हे मुख्य सण असून होळीस रात्रभर ढोलाच्या तालावर नाच चालतो. मृत पूर्वजांस अन्नाचा वाटा दिल्याखेरीज सण पुरा होत नाही.

व्यवस्थेचा ऱ्हास : अठराव्या शतकाच्या अखेरीस ही हक्कांची व्यवस्था मोडकळीस आली. शिंदे-होळकरांमधील कलह, १८०२ मधील यशवंतराव होळकरांच्या फौजांची खानदेशातील लूट व पाठोपाठ १८०३-०४ चा भीषण दुष्काळ यांमुळे गावे ओस पडली. गावे उठली, तसे जागल्याचे धान्य बंद झाले. व्यापार थांबला, तसे घाटाचे हक्क बुडाले. निर्वाहाचे एकही साधन न उरलेल्या भिल्लांच्या टोळ्या मैदानात उतरू लागल्या. त्यांच्या बंदोबस्तासाठी जे उपाय योजले गेले, ते क्रूर होते. १८०४ मध्ये पेशव्यांचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने मोठ्या संख्येने भिल्लांना कोपरगाव येथे बोलावून विश्वासघाताने पकडले व विहिरींत टाकून ठार केले, असे इंग्रजी वृत्तांतांत नमूद आहे. अशा घटनांमुळे सरकारी वचनावरील भिल्लांचा विश्वास पार उडाला व पुढील कित्येक वर्षे त्याचे परिणाम जाणवत राहिले.

इंग्रजी अंमल व कन्नडची एजन्सी : १८१८ मध्ये खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. सातमाळ्याच्या दक्षिणेकडील कन्नड, अजिंठा इ. मुलूख हैदराबादच्या निजामाकडे राहिला. अशा रीतीने एकाच डोंगराच्या दोन बाजू दोन राज्यांत विभागल्या गेल्या. उत्तरेत पाठलाग झाला की टोळ्या दक्षिणेत उतरत. जॉन ब्रिग्झ याच्या कारकीर्दीत प्रथम लष्करी मोहिमा झाल्या, तसेच काही नाईकांना नेमणुकाही देऊन पाहण्यात आल्या. सातमाळ्यातील चील नाईक पकडला जाऊन फासावर गेला. तथापि उठाव थांबले नाहीत. त्या वेळी या डोंगरांचा केवढा दरारा होता, हे १८२४ मध्ये अजिंठ्याची लेणी पाहण्यास गेलेला लेफ्टनंट जेम्स अलेक्झांडर याच्या वृत्तांतावरून कळते. वाघ आणि भिल्ल या दोहोंची भीती त्यास घालण्यात आली होती.

मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याने १८२५ मध्ये धोरण बदलले व सलोख्याचा मार्ग स्वीकारला. खानदेशसाठी तीन भिल्ल एजन्स्या स्थापन झाल्या. वायव्येची एजन्सी कॅप्टन रिग्बी याच्याकडे, ईशान्येची लेफ्टनंट जेम्स औट्रम याच्याकडे व दक्षिणेची कॅप्टन ओव्हान्स याच्याकडे देण्यात आली. जामनेर, भडगाव, चाळीसगाव व सातमाळा एवढे क्षेत्र असलेल्या दक्षिण एजन्सीचे ठाणे कन्नड येथे होते. कंपनीचा अधिकारी निजामाच्या हद्दीत राहून दोन्ही बाजूंच्या भिल्लांची व्यवस्था पाही. डोंगर एकसंध आहे, ही गोष्ट प्रशासनाने अशा प्रकारे मान्य केली होती. माफी, जमीन, बियाणे व बैलांसाठी तगाई देऊन भिल्लांना शेतीस लावणे, नाईकांच्या नेमणुका चालू ठेवणे आणि जागल्यांचे हक्क निश्चित करणे ही एजन्सीची मुख्य कामे होती.

त्याच वर्षी औट्रमने खानदेश भिल्ल पलटण उभारली. तिचे मुख्य ठाणे धरणगाव येथे होते. सुरुवातीस भरतीस कोणी तयार होईना. एकत्र जमवून आपली कत्तल करण्याचा हा बेत आहे, अशी वदंता पसरली होती. कोपरगावच्या आठवणी ताज्या असता ही शंका अवास्तव म्हणता येत नाही. औट्रम भिल्लांबरोबर शिकारीस गेला, त्यांच्या वस्त्यांत राहिला व पगार वेळेवर देत राहिला. त्यामुळे हळूहळू विश्वास बसला. तो १८३५ पर्यंत खानदेशात होता. कन्नडजवळच्या घाटास त्याचेच नाव पडले. ही पलटण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोलीस दलात विलीन करण्यात आली.

एजन्सीच्या या कार्याचे इंग्रजी लेखकांनी मोठे कौतुक केले आहे. कॅप्टन डी. सी. ग्रेअम याने १८४३ मध्ये लिहिलेला खानदेशातील भिल्लांचा वृत्तांत याच भूमिकेतून लिहिलेला आहे. रक्तपात थांबला, हे त्या धोरणाचे यश निर्विवाद आहे. परंतु त्याची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. पूर्वी नाईकाचा घाटावर हक्क होता; आता त्यास सरकारकडून निवृत्तिवेतन मिळू लागले. हक्क परंपरेने चालतो, तर वेतन सरकारच्या मर्जीवर अवलंबून राहते. नियमित पोलीस व्यवस्था आल्यावर जागल्याचे महत्त्व घटले व शेतकऱ्यांकडून मिळणारे धान्यही कमी होत गेले. तगाईवर शेती सुरू केलेल्या अनेकांच्या जमिनी पुढे कर्जापायी सावकारांकडे गेल्या.

१८५७ चा उठाव : या असंतोषाचे पडसाद १८५७ मध्ये उमटले. पूर्वी अहमदनगरच्या पोलीस दलात असलेला भागोजी नाईक याने नाशिक-अहमदनगर भागातील भिल्लांना एकत्र केले. ४ ऑक्टोबर १८५७ रोजी नांदूर-शिंगोटे येथे झालेल्या चकमकीत पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री मारला गेला. दोन वर्षे भागोजीने सरकारी फौजांना दाद दिली नाही. ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर भागात फ्रँक सूटर याच्या तुकडीशी लढताना तो मारला गेला. सातपुड्यात खाज्या नाईक व भीमा नाईक यांनी उठाव केला. तेथील ११ एप्रिल १८५८ च्या अंबापाणीच्या लढाईत सरकारी बाजूने खानदेश भिल्ल पलटणही लढली. भागोजी पोलिसात होता व खाज्या नाईक सेंधवा घाटाचा राखणदार होता, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. राखणदारीची व्यवस्था ज्यांनी आतून पाहिली होती, त्यांनीच उठावांचे नेतृत्व केले.

वनकायदे : भिल्लांच्या जीवनावर सर्वांत दूरगामी परिणाम वनव्यवस्थेचा झाला. ब्रिटिश मुलखात १८७८ च्या वन अधिनियमानुसार जंगले राखीव होऊ लागली. निजाम राज्यातही स्वतंत्र वनखाते स्थापन होऊन जंगलांवर राज्याची मालकी प्रस्थापित झाली. जे सरपण, मोहफुले, डिंक व गवत पूर्वी हक्काने मिळे, त्यासाठी आता परवाना लागू लागला. परवान्याशिवाय केलेले तेच काम गुन्हा ठरले. याच काळात १८७६-७८ व १८९९-१९०० (छप्पनचा दुष्काळ) हे दोन मोठे दुष्काळ पडले. दुष्काळात आधार देणारे रान नेमके त्याच वेळी बंद झालेले होते. परिणामी पुष्कळ भिल्ल कुटुंबे मोठ्या शेतकऱ्यांकडे सालदार म्हणून राहिली. सालाच्या आरंभी उचल घ्यावयाची व ती फिटेपर्यंत राबावयाचे, या पद्धतीत स्वातंत्र्य बरेचसे गमवावे लागले.

तुलना : वनावर जगणाऱ्या समाजांचा व्यापारी कंपन्यांशी आलेला संबंध जगात इतरत्रही आढळतो. कॅनडातील क्री जमातीचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे. मूज, कॅरिबू व बीव्हर यांच्या शिकारीवर आणि मासेमारीवर जगणारे क्री १६७० मध्ये स्थापन झालेल्या हडसन्स बे कंपनीशी कातड्यांचा व्यापार करू लागले. तेथे कंपनीस कातडी हवी होती व ती क्री शिकाऱ्यांवाचून मिळणे शक्य नव्हते. त्यामुळे दीर्घकाळ त्यांच्या शिकारी जीवनास व्यापारात किंमत राहिली. १८७० मध्ये कंपनीचा मुलूख कॅनडाकडे गेला व वसाहतकऱ्यांसाठी जमीन हवी झाली. १८७६ च्या सहाव्या तहान्वये क्रींना राखीव क्षेत्रे नेमून देण्यात आली. मात्र शिकार व मासेमारीचा हक्क, सरकारी नियमांच्या अधीन का होईना, तहात लिहिला गेला. त्यावरून पुढे न्यायालयांत दाद मागता आली. खानदेशात कंपनीस जंगलातील माल नव्हे, तर जमीनमहसूल व सुरक्षित रस्ते हवे होते. सातमाळ्यातील सामान्य भिल्लाच्या वनहक्कासाठी असा कोणताही सर्वमान्य लेख तयार झाला नाही. नाईकांची नेमणूक कागदावर आली. मोह वेचणाऱ्या स्त्रीचा हक्क रूढीवरच राहिला व रूढी मोडताच तो नाहीसा झाला.

आधुनिक काळ : सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. भिल्लांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. शिष्यवृत्त्या, आश्रमशाळा व राखीव जागा यांचा काहींना लाभ झाला. तथापि २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे चार टक्केच होते व त्यांची वस्ती विखुरलेली आहे. जिल्ह्याचा कोणताही भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येत नाही. त्यामुळे अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमाने जे विशेष अधिकार मिळाले, ते येथील भिलाट्यांना लागू होत नाहीत.

१९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाने शिकार बंद झाली. १९८६ मध्ये सुमारे २६० चौ. किमी. क्षेत्रावर गौताळा-औट्रमघाट अभयारण्य घोषित झाले. वन्य प्राण्यांच्या रक्षणासाठी ते आवश्यक होते, यात शंका नाही. पण त्यामुळे सरपण, चराई व वनोपज यांवरील निर्बंध अधिक कडक झाले. शेती अपुरी व जंगल बंद, अशा स्थितीत अनेक कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्ट्यांवरील कामासाठी बाहेर पडतात व उन्हाळ्यात परततात. पूर्वी भिलाटी पाण्यासाठी व मोहासाठी हले; आता ती मुकादमाकडून घेतलेल्या उचलीसाठी हलते. मुलांच्या शिक्षणात यामुळे खंड पडतो.

२००६ च्या वनहक्क अधिनियमाने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या वा तिच्यावर उपजीविका अवलंबून असलेल्या अनुसूचित जमातींचे हक्क मान्य करण्याची तरतूद केली. वैयक्तिक कसणुकीसाठी कमाल मर्यादा चार हेक्टरांची असून गौण वनोपज गोळा करणे, चराई व पाणी यांचे सामूहिक हक्कही त्यात समाविष्ट आहेत. अभयारण्यांनाही हा अधिनियम लागू आहे. परंपरेने चालत आलेल्या वहिवाटीस ऐतिहासिक अन्यायाच्या निराकरणाच्या भूमिकेतून कायद्याने मान्यता देण्याचा हा पहिला व्यापक प्रयत्न होय.

अभ्यासाची साधने : सातमाळ्यातील भिल्लांविषयीची बहुतेक लिखित साधने त्यांचा बंदोबस्त करण्यास आलेल्यांनी तयार केलेली आहेत. एजन्सीचे पत्रव्यवहार, १८८० मधील खानदेश गॅझेटिअर व निजाम राज्यातील जातिजमातींवरील सय्यद सिराज उल हसन यांचा १९२० चा ग्रंथ ही त्यांतील काही होत. त्यांतील मतांची छाननी करूनच त्यांचा उपयोग करावा लागतो. मात्र बंदोबस्ताच्या निमित्ताने का होईना, कोणत्या घाटाची राखण कोणाकडे होती, जागल्यास काय मिळे व जंगलातून काय आणले जाई, याचा तपशील त्यांत आलेला आहे. वनहक्क अधिनियमाखालील नियमांनुसार गॅझेटिअरे, जनगणना व सर्वेक्षण अहवाल यांसारखे सरकारी अभिलेख दाव्याचा पुरावा म्हणून स्वीकारता येतात. दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी निवेदनही ग्राह्य धरले जाते. ज्या कागदांनी भिल्लांना दरोडेखोर ठरविले, त्यांच कागदांत त्यांच्या हक्कांच्या खुणाही शिल्लक आहेत. भिलाट्यांतील वृद्धांच्या आठवणी त्यांच्या हयातीतच नोंदवून या अभिलेखांशी ताडून पाहणे, हे या विषयाच्या अभ्यासातील महत्त्वाचे काम होय.